कॅबरगोलिन: आठवड्याला दोन गोळ्या, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकू. वाढलेल्या प्रोलॅक्टिनवर (दूध आणणाऱ्या हार्मोनवर) जी औषधे मिळतात त्यांत कॅबरगोलिन सगळ्यांत सोयीचे. बारीकशी गोळी, आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणावर. आठ महिने नीट घेतली तर बहुतेकांचे आकडे ताळ्यावर येतात, थांबलेली पाळी सुरू होते, स्तनांतून येणारा दुधासारखा स्राव आटतो. पुरुषांत मंदावलेली कामेच्छा परतायला कधी कधी याहूनही जास्त वेळ लागतो. तारे द्यायचे तर पाचपैकी चार. पाचवा कापला, कारण गोळी हातात देताना जे सांगायला हवे ते फार थोड्या ठिकाणी सांगितले जाते. चुका होतात त्या बहुधा दोन गोष्टींत: गोळीचे वार आणि घरातल्या औषधांच्या डब्यातल्या बाकीच्या गोळ्या.

कॅबरगोलिन काम कसे करते हे कळले की पुढचे सगळे नियम आपोआप समजतात. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती प्रोलॅक्टिन सोडते. तिच्यावर डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा लगाम असतो. डोपामिन पोचले की प्रोलॅक्टिन कमी, डोपामिन अडले की प्रोलॅक्टिन जास्त. कॅबरगोलिन डोपामिनचे सोंग घेऊन तो लगाम ओढते. पिट्युटरीवर प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असेल तर तीही बऱ्याचदा आकसते. म्हणूनच या गाठीवर पहिला उपाय शस्त्रक्रिया न करता गोळ्यांचा असतो.

सुरुवातीचा नेहमीचा डोस ०.२५ मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा. बाजारात ०.२५ आणि ०.५ अशा दोन ताकदीच्या गोळ्या आहेत. चिठ्ठीवर 'अर्धी गोळी' लिहिले असेल तर ती ०.५ ची अर्धी. फार्मसीवाल्याने ०.२५ ची पट्टी दिली आणि घरी तिचीही अर्धी केली, तर महिनाभर निम्मेच औषध पोटात जाते आणि मग 'गोळी लागू पडत नाही' म्हणून डोस वाढवला जातो. दर खेपेला पट्टी हातात घेऊन ताकदीचा आकडा वाचायचा. ब्रँड बदलला असेल तर नक्कीच.

डोस वाढवायचा झाल्यास डॉक्टर तो साधारण चार आठवड्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने वाढवतात. ही घाई न करण्याचे कारण औषधाच्या स्वभावात आहे. कॅबरगोलिनचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला ६३ ते ६९ तास लागतात, म्हणजे पावणेतीन दिवसांच्या आसपास. सोमवारची गोळी पुरती संपायच्या आत गुरुवारची येते, थर साचत जातो आणि काही आठवड्यांनी पातळी स्थिरावते. त्याआधी रक्त तपासून 'अजून उतरले नाही' म्हणण्यात अर्थ नाही.

याच स्वभावामुळे सर्वांत धोक्याची चूक घडते. 'बीडी' म्हणजे दिवसातून दोनदा, हे चिठ्ठी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्के बसलेले असते. 'आठवड्यातून दोनदा' हे शब्द घाईघाईने लिहिलेल्या अक्षरात हरवले की गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू होते. हिशेब करा: ०.५ मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा म्हणजे आठवड्याला १ मिलिग्रॅम. तीच गोळी दिवसातून दोनदा घेतली तर आठवड्याला ७. उभे राहताना भोवळ, चोंदलेले नाक, प्रचंड मळमळ, कधी भास होणे, हे सगळे त्यात येते. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून वारांची नावेच लिहून घ्यावीत. 'सोम, गुरु' असे लिहिले की कोणी चुकत नाही.

आपल्याकडे गोव्यात सोमवार-गुरुवार लक्षात ठेवायला सोपे, कारण बऱ्याच हिंदू घरांत त्या दिवशी नुस्ते (मासळी) शिजत नाही. पण त्या वारी उपास करणाऱ्यांनी हे वार घेऊ नयेत. अन्नामुळे गोळीचे शोषण कमी-जास्त होत नाही, मळमळ मात्र रिकाम्या पोटी हमखास जास्त होते. साबुदाण्याच्या चार घासांवर पहिली गोळी घेणे म्हणजे रात्र जागून काढणे. बुधवार-शनिवार ठेवा, किंवा मंगळवार-शुक्रवार. गोळी घेतली की भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या चौकोनावर लगेच काट मारायची. फोनचा गजर बंद करून 'घेते नंतर' म्हणणे सोपे असते, आणि शनिवारी बुधवारची घेतली की नाही हे आठवत नाही.

एखादी गोळी चुकलीच तर एक-दोन दिवसांत आठवल्यावर घेऊन टाकावी. पुढच्या गोळीचा दिवस उजाडलाच असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम नाहीत. एका गोळीच्या चुकीने आकडा उसळत नाही, हा लांबलेल्या परिणामाचा फायदा.

पहिला महिना कसा जातो? मळमळ, डोके जड होणे, चक्कर, थकवा, बद्धकोष्ठ. बहुतेकांना यातले एखादे-दोन होते आणि काही आठवड्यांत ओसरते. गोळी झोपायच्या आधी घेतली तर पहिले काही तास झोपेत निघून जातात, रक्तातली पातळी साधारण दोन-तीन तासांत शिखराला जाते म्हणून. रात्री लघवीला उठताना मात्र सावध. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचे, पाय हलवायचे, मग उभे राहायचे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना हे दुप्पट लागू. एप्रिल-मेच्या घामात पाणी कमी पडले की भोवळ जास्त येते. आणि तोच हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, मोसम. मद्य रक्तदाब उतरवते आणि गुंगी वाढवते. गोळीच्या रात्री ग्लास नको, हे साधे गणित. पहिल्या काही गोळ्यांनंतरच्या सकाळी दुचाकीवरून झुआरी पूल ओलांडायची घाईही नको. दिवसा गुंगी येत नाही याची खात्री झाल्यावर गाडी हातात घ्यावी.

बद्धकोष्ठ मात्र काही जणांना महिनोन्‌महिने चिकटते. तांबडी भाजी, कुळीथ, उकड्या तांदळाची पेज आणि भरपूर पाणी यांनी काम झाले तर उत्तम. नाहीतर इसबगोल, गोळीपासून दोन तास लांब ठेवून.

आता मुख्य तक्रारीकडे येऊ. मळमळ होते म्हणून माणूस काय करतो? फ्रिजवरच्या डब्यातली आम्लपित्ताची कॅप्सूल घेतो. नेमकी तीच कॅबरगोलिनच्या कामावर पाणी फिरवते. आपल्याकडे पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोल बऱ्याचदा नुसते नसते. त्याच्याबरोबर डोम्पेरिडोन किंवा लिव्होसल्पिराइड जोडलेले असते. ही दोन्ही डोपामिनचा मार्ग अडवतात, म्हणजे कॅबरगोलिनच्या बरोबर उलट काम. डोम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही म्हणून ते निरुपद्रवी, असा एक समज आहे. पण पिट्युटरी ग्रंथी रक्तातली औषधे मेंदूत शिरू न देणाऱ्या कुंपणाच्या बाहेर बसते, तिथे ते बिनदिक्कत पोचते. लिव्होसल्पिराइड तर एकट्याच्या बळावर प्रोलॅक्टिन शंभर नॅनोग्रॅमच्या पुढे नेऊ शकते. पाळी अनियमित झाली म्हणून तपासणी, तपासणीत प्रोलॅक्टिन वाढलेले, मग कॅबरगोलिन सुरू, आणि मूळ कारण असलेली पोटाची कॅप्सूल रोज सकाळी चालूच, अशी साखळी नवी नाही.

नाव वाचायची युक्ती अशी. ब्रँडच्या नावामागे 'डी' किंवा 'डीएसआर' दिसले तर बहुधा डोम्पेरिडोन. 'एल' दिसले तर बहुधा लिव्होसल्पिराइड. 'आयटी' म्हणजे इटोप्राइड, तेही याच जातीचे. पण शेपटीवर विसंबू नका, पट्टीच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचा. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइडही याच यादीत. नुसते पॅन्टोप्रॅझोल किंवा साधे अँटासिड चालते. उलटी थांबतच नसेल तर ऑनडॅन्सेट्रॉनचा पर्याय डॉक्टरांना विचारावा, ते डोपामिनला हात लावत नाही. पोटाच्या डॉक्टरांना कॅबरगोलिन चालू आहे हे सांगायचे आणि हार्मोनच्या डॉक्टरांना पोटाच्या गोळ्या दाखवायच्या. दोघे एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहत नाहीत, मधला निरोप्या रुग्णच असतो.

मानसिक आजाराच्या औषधांची गोष्ट वेगळी आणि नाजूक. रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड यांनी प्रोलॅक्टिन चांगलेच वाढते. म्हणून ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत, आणि त्यांच्यावर कॅबरगोलिनही परस्पर चढवायचे नाही, कारण त्याने भ्रम-भास उसळू शकतात. हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाने करायचा. याशिवाय क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके कॅबरगोलिनची पातळी वाढवतात. पोटातल्या एच. पायलोरी जंतूसाठी जे किट देतात त्यात क्लॅरिथ्रोमायसिन असते, हे फार कमी लोकांच्या लक्षात येते. अर्धशिशीसाठी एर्गोटामिन असलेली गोळी घेत असाल तर तीही सांगायला हवी. कॅबरगोलिन त्याच अरगट (एका बुरशीपासून आलेल्या औषधांच्या) कुळातले आहे.

रक्ततपासणीकडे वळू, कारण आठ महिन्यांत ती तीन-चार वेळा होते आणि दर वेळी मनस्ताप देते. प्रोलॅक्टिन झोपेत चढते आणि पहाटे सर्वांत वर असते. ताण, धावपळ, व्यायाम, स्तनांना झालेला स्पर्श, सुई टोचण्याची धास्ती, या सगळ्यांनी ते वाढते. काणकोणहून किंवा सत्तरीहून पहाटे निघायचे, कदंब बसमध्ये उभ्याने यायचे, बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) रांगेत धापा टाकत पोचायचे आणि लगेच हात पुढे करायचा, तर आकडा थोडा फुगलेला येणारच. उठल्यानंतर किमान दोन-तीन तासांनी रक्त द्यावे, आणि सुईच्या आधी वीसेक मिनिटे शांत बसावे. यासाठी कडक उपाशी राहण्याची गरज नसते. गोळीचा दिवस आणि तपासणीचा दिवस यांची फार जुळवाजुळव लागत नाही, पण दर वेळी तीच प्रयोगशाळा आणि साधारण तीच वेळ असावी.

गरोदर नसलेल्या स्त्रियांत साधारण २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंतचा आकडा नेहमीचा धरतात, पुरुषांत त्याहून थोडा कमी. प्रत्येक प्रयोगशाळेची हद्द तिच्या कागदावर छापलेली असते. एकदा अहवाल नॅनोग्रॅममध्ये आणि पुढच्या वेळी मिली आंतरराष्ट्रीय एककांत आला तर घाबरू नका. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे प्रति लिटर सुमारे २१ अशी एकके, त्यामुळे ४० चे ८५० दिसतात आणि घरात रडारड होते. केस गळतात म्हणून बायोटिन चालू असेल तर तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवावे. ते काही यंत्रांवर प्रोलॅक्टिनचा आकडा खोटा कमी दाखवते.

आणखी दोन फसवे आकडे आहेत. काहींच्या रक्तात प्रोलॅक्टिनचे मोठे, निष्क्रिय गठ्ठे असतात, मॅक्रोप्रोलॅक्टिन. आकडा वाढलेला, त्रास काहीच नाही. पीईजी हे रसायन वापरून केलेल्या साध्या तपासणीत ते ओळखू येते, आणि मग गोळीचीच गरज नसते. उलट, गाठ भलीमोठी आणि आकडा किरकोळ, असे दिसले तर नमुना शंभरपट पातळ करून पुन्हा तपासायला सांगावे. प्रोलॅक्टिन अतोनात असले की यंत्र गुदमरते आणि कमी दाखवते. गोळी सुरू होण्याआधी टीएसएच (थायरॉईडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि गर्भधारणेची चाचणी झाली आहे का हेही पाहावे. मंद थायरॉईडनेही प्रोलॅक्टिन चढते, आणि तिथे थायरॉक्सिननेच ते उतरते.

हृदयाच्या झडपांची भीती इंटरनेटवर वाचून पुष्कळ जण गोळी सोडतात. तिची पार्श्वभूमी अशी. २००७ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांवरचे अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यांत कॅबरगोलिन घेणाऱ्यांच्या झडपा जाड होऊन गळू लागल्याचे दिसले. धोका सर्वांत जास्त होता तो दिवसाला ३ मिलिग्रॅमहून अधिक डोस घेणाऱ्यांत. प्रोलॅक्टिनसाठी आठवड्याला अर्धा-एक मिलिग्रॅम लागतो. फरक कितीतरी पटींचा आहे, तरी तपासणी टाळायची नाही. सुरुवातीला एक इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी) हवाच. झडपेचा आजार आधीच असेल, फुप्फुस किंवा पोटाच्या मागच्या भागात तंतू साचण्याचा आजार झालेला असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, तर हे औषध देत नाहीत. पुढच्या इकोबद्दल मते वेगळी आहेत: अमेरिकेतल्या औषधपत्रकात सहा ते बारा महिन्यांनी सांगितले आहे, तर ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संस्थांच्या २०१९ च्या सल्ल्यात आठवड्याला २ मिलिग्रॅमपर्यंत पाच वर्षांनी आणि त्याहून जास्त डोसला दरवर्षी. आपल्या डॉक्टरांनी यांतले काय धरले आहे ते विचारून फाइलवर लिहून घ्या. धाप, न जाणारा कोरडा खोकला, पायांवर सूज किंवा कुशीत दुखणे सुरू झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही.

मनावरच्या परिणामाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. डोपामिन हे आनंदाच्या चटकेचेही रसायन आहे. काही जणांत या गोळीने जुगार, बेसुमार खरेदी, खादाडी किंवा कामेच्छा आवरेनाशी होते. कमी डोसवरही होते. आपल्या राज्यात हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मांडवीतल्या कॅसिनोंत स्थानिकांना बंदी असली तरी मटका गल्लीत आहे आणि खरेदीची दुकाने फोनमध्ये. अडचण अशी की ज्याला हे होते त्याला ते औषधामुळे वाटतच नाही, उलट बरे वाटते आहे असे वाटते. घरातल्या एका माणसाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: खर्च, झोप, चिडचिड यांत बदल दिसला तर तोंडावर बोल. डोस कमी केला किंवा गोळी थांबवली की बहुधा हे ओसरते.

गाठ १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर आणखी एक गोष्ट. गोळीने गाठ झपाट्याने आकसली की कधी कधी तिने बुजवलेली वाट मोकळी होते आणि मेंदूभोवतीचे पाणी नाकातून गळू लागते. पाण्यासारखे पातळ, बहुधा एकाच नाकपुडीतून, पुढे वाकले की ठिबकणारे, चवीला खारट. जुलैत अर्ध्या गोव्याला सर्दी असते, तेव्हा हे सहज सर्दीत खपून जाते. शेंबूड घट्ट होत नाही, शिंका नाहीत, पण गळणे थांबत नाही, असे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्या वाटेने मेंदूज्वराचे जंतू आत जाऊ शकतात. आणि अचानक डोके फुटेल असे दुखणे, उलट्या, नजर अंधुक होणे हे एकदम आले तर १०८ ला फोन. गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. मोठी गाठ असणाऱ्यांनी दृष्टिक्षेत्राची तपासणी ठरल्याप्रमाणे करावी. बाजूचे दिसणे कमी होते ते आधी रस्त्यावर कळते, बाजूने आलेली गाडी उशिरा दिसते.

स्त्रियांसाठी एक इशारा. पाळी परत येण्याआधीच बीज सुटू शकते. म्हणजे 'पाळीच नाही, मग दिवस कसे राहतील' हा तर्क गोळी सुरू झाल्यापासून चालत नाही. मूल नको असेल तर साधन पहिल्या महिन्यापासून. हवे असेल तर तेही आधी सांगावे. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांना फोन. बहुतेकांची गोळी तेव्हा थांबवतात, मोठ्या गाठीत वेगळा विचार करतात. ब्रोमोक्रिप्टिन हे जुने औषध काही डॉक्टर अशा वेळी अजूनही पसंत करतात, कारण गर्भधारणेतला त्याचा अनुभव सर्वांत जुना आहे. एरवी ते रोज घ्यावे लागते, मळमळही जास्त करते.

साठवण. पावसाळ्यात आपल्याकडे मीठ पाणी सोडते, तिथे उघडी ठेवलेली अर्धी गोळी टिकेल कशी? गोळी पट्टीतून घ्यायच्या क्षणीच काढायची. उरलेली अर्धी त्याच खाचेत, पत्रा घडी करून, हवाबंद डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर, आणि पुढच्याच वारी संपवायची. न्हाणीघर, चुलीजवळची फळी आणि मेमध्ये स्कूटरची डिकी, तिन्ही वर्ज्य. चवथीच्या (गणेशोत्सवाच्या) दिवसांत दुकाने बंद सापडतात, तेव्हा पंधरा दिवसांची पट्टी आधी आणून ठेवावी.

थांबवायचे कधी? पाळी चार महिने नियमित आली म्हणून नाही. किमान दोन वर्षे उपचार, आकडा सतत ताब्यात आणि एमआरआयमध्ये गाठ उरलेली नाही, अशा स्थितीत डॉक्टर डोस हळूहळू उतरवून थांबवून पाहतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी प्रोलॅक्टिन तपासतात. पुष्कळांचे पुन्हा वाढते, आणि मग तीच गोळी परत सुरू होते.

उरलेली पट्टी बाळंतिणीचे दूध बंद करायला म्हणून शेजारी देऊ नका. त्यासाठीचा डोस आणि दिवस पूर्ण वेगळे असतात, आणि गरोदरपणात रक्तदाब चढलेल्या बाईला ही गोळी धोक्याची आहे.